‘कमी कटकटीचा’ की मुकाट सोसणारा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एकट्या राहणाऱ्या आणि सकाळी गेलेल्या, रात्री परतणाऱ्या माणसाने घरात कुठला प्राणी पाळावा, याच्या याद्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून सतत फिरत असतात. त्यांत गोल काचेच्या भांड्यातला फायटर मासा असतो, तळहातावर मावणारे कासव असते, रंगवलेल्या शंखातला खेकडा असतो. प्रत्येकापुढे एकच शेरा, ‘देखभाल अगदी कमी’. टाक्या आणि टेरॅरियम सांभाळणाऱ्या आम्हा काही वाचकांना या शेऱ्याबद्दल थोडे लिहायचे आहे.

कुत्र्याला भूक लागली की तो दारात येऊन बसतो, मांजर तर घर डोक्यावर घेते. मासा, कासव, खेकडा यांना आवाज नाही. पाणी खराब झाले, ऊब कमी पडली, जागा अपुरी पडली तरी ते कोपऱ्यात गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यालाच याद्या ‘कमी देखभाल’ म्हणतात. व्यग्र माणसाने शोधायचा तो तुमच्या गैरहजेरीत ज्याचे खरोखर काही अडत नाही असा जीव. मुकाट सोसणारा जीव ही वेगळीच गोष्ट आहे.

आधी यादीतल्या नेहमीच्या नावांविषयी. फायटर हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून तो दीड लिटरच्या भांड्यातही तगून राहतो. पण त्याला २४ ते २८ अंशांचे स्थिर पाणी आणि निदान वीसएक लिटरची, फिल्टर लावलेली टाकी लागते. तशी मिळाली तर तो तीन ते पाच वर्षे जगतो. भांड्यात तो काही महिने कसेबसे काढतो आणि ‘फायटर इतकाच जगतो’ असा समज मागे ठेवून जातो. लाल कानाच्या कासवाची तर गोष्टच मोठी. त्याची मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिला शेकडो लिटर पाणी, अंग शेकायला कोरडी जागा, अतिनील किरणांचा दिवा आणि जोरदार फिल्टर लागतो, आणि हे सगळे वीस-तीस वर्षे पुरवावे लागते. शिवाय या कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळीव प्राणी म्हणून विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणाने. टाकी पुरेनाशी झाली की लोक ही कासवे तळ्यात सोडून येतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे.

शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्याचे हाल त्याहून वाईट, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाहीत. हा जमिनीवरचा खेकडा कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो आणि ते ओलसर राहावे लागतात. हवेत ऐंशी टक्क्यांच्या आसपास आर्द्रता नसेल, तर तो कोरड्या पिंजऱ्यात हळूहळू गुदमरतो. कात टाकायला त्याला स्वतःच्या उंचीच्या काही पट खोल, ओल्या वाळूत पुरून घ्यावे लागते आणि तो तिथे कित्येक आठवडे निपचित पडून असतो. मेला समजून लोक त्याला उकरतात, आणि पुष्कळदा तो मरतो तो या उकरण्याने. नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगणारा हा प्राणी आहे.

लेपर्ड गेको ही पाल मात्र खरेच समजूतदार. जागा थोडी लागते, पूर्ण वाढलेल्या पालीला एक दिवसाआड खाणे पुरते. पण ते खाणे म्हणजे जिवंत किडे, त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरलेली. ती टाळली तर हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. शिवाय आयुष्य पंधरा-वीस वर्षे. पंचविशीत घेतलेला गेको चाळिशी गाठेपर्यंत सोबत असेल, तेव्हा नोकरी, घर, जोडीदार यांतले काय काय बदललेले असेल याचा विचार करूनच घ्यावा. कासव असो, पाल असो वा कोळी, आपल्याकडच्या कायद्यात ती जात पाळायला परवानगी आहे का, हे विकत घेण्याआधी पाहावे; विकणाऱ्याचा शब्द हा पुरावा नव्हे. भारतीय तारा कासव २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक बंदीच्या यादीत आहे.

मग घ्यावे तरी काय? आमचे उत्तर अनेकांना फारच किरकोळ वाटेल: चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली अडीच-तीन सेंटिमीटरची लाल कोळंबी. एक कोळंबी दीड-दोन वर्षेच जगते, पण कळप चालू राहतो. ती शेवाळ आणि झाडा-दगडांवर साचणारा सूक्ष्म जीवांचा थर दिवसभर चरत असते, म्हणून जुन्या, मुरलेल्या टाकीत दोन आठवडे कुणी खाणे घातले नाही तरी तिचे बिघडत नाही. तिला हात लावता येत नाही, कुरवाळता येत नाही. ज्याला मांडीवर ऊब हवी आहे त्याने ही टाकी घेऊच नये. त्याने एखादे मोठे, शांत स्वभावाचे मांजर दत्तक घ्यावे, भले ते कुणाला ‘आगळेवेगळे’ वाटणार नाही.

या टाकीचे कष्ट सगळे आधी असतात. तीस सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीची काचेची टाकी घ्यावी. पाणी, खडे आणि काच धरून ती पस्तीस किलोंच्या आसपास भरते, तेव्हा टेबल हलके किंवा डुगडुगते नको, आणि खिडकीतले थेट ऊनही नको. तळाला तीनेक सेंटिमीटर बारीक खडी, धुऊन. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला तर ती चुनखडीची आहे. तिने पाण्याचा जडपणा वाढत राहतो. फिल्टर साधा स्पंजचाच घ्यावा, हवेच्या पंपावर चालणारा. मोटरच्या फिल्टरचे तोंड पिलांना ओढून घेते. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला असेल, तर नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, बसवायलाच हवा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटे नळीतून पंपात आणि तिथून जमिनीवर येते. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे असावा. उलटा बसवला तर हवाच येत नाही. झाडांमध्ये जावा मॉस आणि अनुबियास पुरे. अनुबियासचा जाड आडवा कंद खडीत पुरू नये, तो कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावा. दिवा टायमरवर, रोज सहा-सात तास.

यानंतर सगळ्यांची घाई होते आणि सगळ्यांचे चुकते ते इथेच. नव्या टाकीतले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, पण ते जगण्याजोगे झालेले नसते. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन विषे, तिसरे बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून त्याचे प्रमाण दर लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत आणावे आणि थेंबांच्या टेस्ट किटने मोजत राहावे. एवढा अमोनिया चोवीस तासांत संपला, नायट्राइटही शून्य आले, की जिवाणूंची वस्ती बसली, म्हणजे ‘सायकल’ पूर्ण. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट वीसच्या खाली आणावे आणि आणखी आठवडा-दोन आठवडे टाकी तशीच चालू ठेवावी, म्हणजे चरायला थर तयार होतो. या काळात टाकीत बघायला काहीही नसते. बाटलीतले जिवाणू घालून ‘उद्याच मासे सोडा’ सांगणाऱ्यांवर विसंबू नये; त्यांचा उपयोग झाला तरी टेस्ट किटशिवाय तो कळत नाही.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन भांडे चोवीस तास उघडे ठेवले की उडून जातो. काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते असे उडत नाही. म्हणून डिक्लोरिनेटरचे, म्हणजे ही दोन्ही निष्प्रभ करणाऱ्या द्रावणाचे, थेंब घालणे बरे.

कोळंब्या दहा आणाव्यात, एकाच रंगाच्या. लाल आणि निळ्या एकत्र ठेवल्या तर काही पिढ्यांत सगळी संतती मातकट तपकिरी होते. आणल्यावर पिशवी टाकीत रिकामी करू नये. त्या एका भांड्यात काढाव्यात, बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब पडेल असे करावे आणि भांड्यातले पाणी तिप्पट होईपर्यंत थांबावे. यात दीड-दोन तास जातात. नंतर फक्त कोळंब्या जाळीने उचलून टाकीत, दुकानातले पाणी मोरीत.

पुढे रोजचे काम म्हणजे पाण्याकडे एक नजर. आठवड्यातून दोन-तीनदा खाणे, तेही दहा जणींना मसुराच्या दाण्याएवढे. दोन तासांनी उरले तर काढून टाकायचे. पालकाचे पान उकळत्या पाण्यातून काढून दिले तर त्या त्याची जाळी करून ठेवतात. पंधरा दिवसांतून एकदा पंधरा टक्के पाणी बदलायचे, नवे पाणी त्याच तापमानाचे. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर जमवलेली वस्ती धुऊन जाते. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी घालावे, कारण पाणी उडते पण क्षार मागेच राहतात आणि नळाच्या पाण्याने ते वाढत जातात.

हा वाढता जडपणा, किंवा एका दमात बदललेले अर्धे पाणी, कोळंबीला कात टाकण्याच्या वेळी भोवते. कवच फक्त पाठीकडून उघडण्याऐवजी डोके आणि धड यांच्या सांध्याशी गोल फाटते, पांढरे कडे दिसू लागते आणि ती त्यातून बहुधा सुटत नाही. टाकलेली कात मात्र घाबरून काढू नये. ती पारदर्शक आणि पोकळ असते आणि कोळंब्या ती खाऊन क्षार परत मिळवतात. मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबट-नारिंगी दिसते. ती लगेच काढावी. एखाद्या संध्याकाळी नर वेड्यासारखे टाकीभर भिरभिरताना दिसले तर बहुधा एखाद्या मादीने नुकतीच कात टाकलेली असते. काही दिवसांत तिच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसतील, ती पायांनी हलवून त्यांना हवा देत राहील, आणि साधारण महिन्याभराने मॉसवर दोन मिलिमीटरच्या, अंगातून आरपार दिसणाऱ्या हुबेहूब कोळंब्या चालू लागतील. त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

तापमान वीस ते सव्वीस अंश उत्तम. तीसच्या वर पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. खोली अठराच्या खाली जात नसेल तर हीटर नको.

एका दिवसात अख्खी टाकी मेल्याच्या घटनांत दोन कारणे वारंवार निघतात. पहिले तांबे: माशांच्या पुष्कळ औषधांत ते असते आणि कोळंबीला अगदी थोडेही सोसत नाही. दुसरे कीटकनाशक. डास-झुरळांच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड रसायने माणसाला फारशी जाणवत नाहीत, कोळंबीला मात्र नगण्य मात्रेतही मारतात, आणि हवेचा पंप खोलीतली तीच हवा थेट पाण्यात सोडत असतो. टाकीच्या खोलीत फवारा मारू नये, डास पळवणारे यंत्रही लावू नये. रोपवाटिकेतून आणलेली नवी झाडे दोन आठवडे वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवावीत. पिसवांचे औषध लावलेल्या कुत्र्या-मांजराला गोंजारून तसाच हात पाण्यात घालू नये.

गावाला जाताना शेजाऱ्याला ‘जरा खाणे घाला’ सांगू नये. तो प्रेमाने रोज चिमूटभर घालतो, ते कुजते, अमोनिया चढतो. सुट्टीत पाण्यात सोडून जायच्या खाण्याच्या वडीचेही तेच. दिव्याचा टायमर तपासावा, पाणी काठोकाठ भरावे आणि दाराला कुलूप लावावे.

वर्षभरात कळप शंभराच्या घरात जाऊ शकतो. जादा कोळंब्या इतर पाळणाऱ्यांना द्याव्यात. ओढ्यात, तळ्यात, गटारात कधीही सोडू नयेत. आणि बदली झाली, टाकी मोडावी लागली, तर कोळंब्यांबरोबर तो मळकट स्पंजही ओलाच, टाकीच्या पाण्याच्या पिशवीत घालून द्यावा. घेणाऱ्याचे सहा आठवडे त्यात असतात.

आपले,
टाक्या सांभाळणारे काही वाचक