उत्तर बरोबर, समज चुकीची

महोदय,

माध्यमिक शाळेत विज्ञान अवघड जाऊ लागले की त्याचे खापर बहुधा मुलांच्या कच्च्या गणितावर किंवा आळसावर फोडले जाते. माझाही तोच समज होता. मुलीचा अभ्यास घेताना तो डळमळला. विद्युतदाब, धारा आणि रोध यांचे नाते सांगणाऱ्या ओहमच्या नियमावरची तिची सगळी उदाहरणे बरोबर होती, तरीही एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक, दोन सारखे बल्ब लावले तर काय होईल, असे विचारताच ती म्हणाली, ‘‘पहिला जास्त उजळेल. तो वीज खाईल आणि उरलेली दुसऱ्याला मिळेल.’’ आम्ही टॉर्चचे दोन बल्ब जोडून पाहिले; दोन्ही सारखेच मंद पेटले. तिने बल्बांची अदलाबदल केली, मग सेल उलटे लावले, आणि तरीही फरक पडत नाही हे पाहून ती बराच वेळ गप्प बसली.

यात तिचा दोष तो काय? ‘अमुक उपकरण वीज फार खाते’ असे आपण घरात सर्रास म्हणतो आणि ऊर्जेच्या बाबतीत ते खरेही आहे. विद्युतधारा मात्र एकसर परिपथात सर्वत्र सारखीच असते, ती वाटेत संपत नाही. रोजच्या बोलण्यातले असे कितीतरी शब्द विज्ञानाने उचलले, पण त्यांचा अर्थ बदलून घेतला. वजन आपण किलोत सांगतो. पुस्तकात मात्र एक किलोग्रॅम हे वस्तुमान असते आणि त्याचे पृथ्वीवरील वजन, म्हणजे पृथ्वी त्याला ओढते ते बल, सुमारे ९.८ न्यूटन भरते. जड पिशवी धरून अर्धा तास निश्चल उभ्या राहिलेल्या माणसाने पिशवीवर केलेले कार्य शून्य (कारण पिशवी जागची हललीच नाही), हे वाचून विज्ञान आपली थट्टा करते आहे असे एखाद्या मुलाला वाटले तर नवल नाही. (शाळेत मलाही तसेच वाटले होते, पण विचारण्याचे धाडस झाले नाही.)

परीक्षेत हा गोंधळ उघडा पडत नाही, कारण सूत्रात आकडे घालून उत्तर काढताना संकल्पना कळलेली असण्याची गरजच भासत नाही. पुढे कळेनासे झाले की शिकवणी लावली जाते आणि तिथे तीच सूत्रे आणखी वेगाने सोडवून घेतली जातात.

अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा शिक्षकांवरील ताण मान्य आहे. तरीही धडा सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे ‘काय होईल असे तुम्हाला वाटते, आणि का?’ एवढे विचारावे, मुलांचे अंदाज, चुकलेलेसुद्धा, फळ्यावर लिहून ठेवावेत आणि प्रयोग त्यानंतर करावा, अशी विनंती आहे.

– एक पालक