कमोडोरचा जुना स्विच वाचवल्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय जुन्या कॉम्प्युटरांचं वेड असलेल्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळलं पाहिजे.

माझ्या कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा लाल दिवा लागायचा, पण पडदा काळाच राहायचा. तुमच्याआधी ज्यांना दाखवला त्यांनी व्होल्ट मोजायचं मीटर न काढताच निकाल दिला: चित्राची चिप, म्हणजे व्हिक-टू, गेली. हे मशीन बाजारात आलं १९८२ मध्ये, कंपनी १९९४ मध्ये बुडाली. आता ती मूळ चिप हवी तर बहुधा दुसरा एखादा कमोडोर फोडायचा. तुम्ही एवढंच विचारलंत, "स्विच मोजलाय का कुणी?"

दिवा लागतोय म्हटल्यावर स्विचकडे बघतो कोण! पण या मशीनचा स्विच दुहेरी आहे, हे तुम्ही कागदावर आकृती काढून दाखवलंत. एका बाजूने ५ व्होल्ट डीसी जातो, दुसऱ्या बाजूने ९ व्होल्ट एसी. दिवा ५ व्होल्टवर लागतो. जुन्या बोर्डांवर व्हिक-टूला लागणारा पुरवठा मात्र त्या ९ व्होल्टपासूनच तयार होतो. म्हणजे एक बाजू मेली तरी दिवा बिनधास्त जळत राहणार आणि आळ येणार बिचाऱ्या चिपवर.

तरीही तुम्ही थेट स्विचला हात घातला नाहीत. आधी पॉवर सप्लायचा ठोकळा मशीनला न जोडता तपासलात, कारण जुन्या ठोकळ्यातला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज पाचावर स्थिर ठेवणारा भाग, बिघडला तर पाचाहून जास्त व्होल्ट सरळ रॅमवर जातात. मग फ्यूज पाहिलात. तोही धड निघाला. त्यानंतर स्विच चालू ठेवून त्याच्याच दोन टोकांवर मीटर लावलात. चालू स्विचवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. एसीच्या बाजूला सगळेच्या सगळे ९ व्होल्ट तिथेच अडकून बसले होते. डीसीची बाजूही जवळपास अर्धा व्होल्ट खात होती. ५ व्होल्टवर चालणाऱ्या या चिपांना किमान ४.७५ लागतात, म्हणजे एसीची बाजू सुधारली असती तरी मशीन मधूनच अडकलं असतं. आधीच्या निदानातली मूळ चूक ही, की मोजायच्या आधी ते केलं गेलं. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत हे इतकं सर्रास चालतं की त्याचं कुणाला काही वाटत नाही.

स्विच बोर्डावरून काढताना मात्र माझा जीव वर-खाली होत होता. त्याच्या पत्र्याचे पाय ग्राउंडला जोडलेले, सगळी उष्णता ते पिऊन टाकत होते आणि जुनं सोल्डर वितळायचं नाव घेत नव्हतं. तुम्ही ओढाताण केली नाहीत. उलट प्रत्येक पायावर थोडं नवं सोल्डर चढवलंत, ते जुन्यात मिसळू दिलंत आणि मग पंपाने ओढून घेतलंत. बोर्डावरचा एकही तांब्याचा ट्रॅक उचकटला नाही.

पत्र्याच्या कडा उघडल्यावर आतलं ग्रीस गुळाच्या पाकासारखं चिकट, तपकिरी झालेलं दिसलं आणि कॉन्टॅक्टवर काळा थर. मी पॉलिश पेपर शोधायला निघालो, तर तुम्ही थांबवलंत: वरचा मुलामा पातळ असतो, तो घासून गेला की स्विच कायमचा गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस फिरवलात, मग साध्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्टच्या फटीतून ओढलीत. पट्टी काळी होऊन बाहेर यायची, की लगेच दुसरी. पट्टी पांढरीच येईपर्यंत हे चाललं. बाहेरून नुसता क्लीनर मारला असता तर तेच ग्रीस विरघळून पुन्हा कॉन्टॅक्टवर बसलं असतं, हेही तेव्हाच कळलं.

जोडल्यावर परत मीटर. दोन्ही बाजूंना नगण्य घट. आणि मग निळा पडदा, त्यावर मशीन नीट सुरू झाल्याची ओळ: "३८९११ बेसिक बाइट्स फ्री". चिप ठणठणीत होती, काका. नवा स्विचही बसवता आला असता, मूळ भागांचा हट्ट मी तरी फार धरत नाही. पण याच्या खटक्याचा तो जाड आवाज नव्यात मिळाला नसता हे मान्य करतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुना ठोकळा बाजूला ठेवलाय आणि जादा व्होल्टेज आलं तर पुरवठा तोडणारा नवा सप्लाय लावलाय. तुमचा सोल्डर ओढायचा पंप माझ्याकडेच राहिलाय. तो परत करायला येईन तेव्हा कीबोर्डही घेऊन येतो, त्याची स्पेस की अडकतेय.

तुमचा,
कमोडोरवाला