लाल गोलातल्या आकड्यांबद्दल

आदरणीय मॅडम,

वास्तुकलेच्या विभागातल्या तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. छापून आलेले शोधनिबंध किती, हाताखाली पीएचडी झालेले किती, हेही सगळं आलं. आभार मानायचे होते ते जुने वाडे मोजताना न जुळणारा आकडा तुम्ही खोडू दिला नाहीत याबद्दल, त्याचा मात्र कोणी उल्लेख केला नाही. म्हणून हे उघड पत्र.

वाड्यात शिरल्यावर पहिला अर्धा दिवस टेपला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. आधी खण (दोन खांबांमधल्या जागा) मोजत नजरेने नकाशा काढायचा: देवडी, चौक, ओसरी, माजघर. मग टेपचं शून्य एका कोपऱ्यात पक्कं करून खांब, कोनाडा, चौकट अशा खुणा ओळीने वाचत जायच्या. तुकड्यातुकड्याने मोजून बेरीज केली, तर दर मापाला ५ मिलिमीटरची चूक १२ तुकड्यांत ६० मिलिमीटरपर्यंत साचू शकते. खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचेच, कारण चारही बाजू बरोबर असल्या तरी कागदावरचा चौकोन कलू शकतो. उंचीसाठी पाण्याची नळी. जमिनीवर भरवसा नाही, ती खचलेली असते. म्हणून १ मीटरवर खडूची रेघ सगळ्या खोल्यांतून फिरवायची आणि वरचं-खालचं प्रत्येक माप त्या रेघेपासून. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर दोन टोकांचं पाणी एका पातळीत येत नाही, तेव्हा रेघ निघाली तिथेच परत येऊन मिळाली पाहिजे. लेझर मीटर आला तेव्हा तुम्ही नाक मुरडलं नाहीत. उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही आणि जाळीतून किरण आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीचं माप देतो, एवढं बजावलंत.

इतकं करूनही बाहेरची लांबी आणि आतल्या खोल्या-भिंतींची बेरीज जुळत नाही. अशा वेळी संगणकावरच्या नकाशात, ऑटोकॅडमध्ये, एखादी भिंत हळूच जाड करायची, हा सर्रास चालणारा उपाय. तुम्ही तो आकडा खोडू दिला नाहीत. त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायला लावलात. फरक दोन-अडीच फुटांचा असेल तर भिंतीतला बुजवलेला जिना किंवा धान्याचं बळद शोधा. तीन-चार इंचांचा असेल तर मागाहून चढवलेला विटांचा थर असू शकतो. फरक फक्त वरच्या मजल्यावर असेल तर ओळंबा सोडून बघा; भिंत बाहेर झुकली असेल तर आधी टेकू, गिलाव्याचं नंतर.

जुन्या बांधकामातल्या चुन्याचं प्रमाण तपासतानाही तेच. नमुना सांध्याच्या आतून घ्यायचा, वरचा झिजलेला नको. वाळवून, वजन करून, लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने फोडायचा, म्हणजे वाळूचे कण फुटत नाहीत. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही). फेस थांबला की गाळायचं, धुवायचं, वाळवायचं आणि पुन्हा वजन. जे घटलं ते ढोबळमानाने कॅल्शियम कार्बोनेट, त्याला ०.७४ ने गुणलं की मूळचा विरवलेला (पाणी घालून फोडलेला) चुना. हे गुणायचं राहिलं की प्रमाण फुगतं आणि दुरुस्तीच्या मालात चुना जास्त पडून गिलावा वाळताना तडकतो. पण समुद्रकाठच्या इमारतीत चुना अविश्वसनीय वाटावा इतका भरला, तर त्या आकड्यालाही लाल गोल: वाळूतले शिंपल्यांचे कणसुद्धा आम्लात विरघळतात. अशा वेळी आम्लाआधी भिंगातून नमुना बघायचा.

तापमानाच्या नोंदींत एखादी संध्याकाळ वेडीवाकडी आली, तर सरासरी काढण्यापूर्वी तापमान नोंदवणारा लॉगर कुठे टांगलाय ते बघायला पाठवायचात. बसलेल्या माणसाच्या डोक्याइतका, म्हणजे १.१ मीटरवर, भिंतीपासून सुटा आणि उन्हापासून आडोशाला, असं सांगितलेलं असायचं. निघायचा मात्र बरेचदा पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या खिळ्यावर.

हे सगळं किती वेळात करायचं असतं, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ४० विद्यार्थी आणि ३ तासांचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्येकाला साडेचार मिनिटं. तेवढ्यात फक्त ‘छान’ किंवा ‘पुन्हा करा’ म्हणता येतं. तुम्ही दिवसाला १२ जणांचेच नकाशे भिंतीवर लावून प्रत्येकाला १५ मिनिटं दिलीत. बाकीच्यांनी उभं राहून ऐकायचं. वेळापत्रकावरून कुरकुर झाली, पण इतरांच्या चुका ऐकूनच बरंच शिकणं झालं. त्यातच २०१० पासून यूजीसीच्या नियमांनी अध्यापकांच्या कामाचे गुण मोजायला सुरुवात केली. शोधनिबंधाला गुण, वाड्याच्या मोजमाप-नकाशांच्या संचाला मात्र शोधनिबंधाची पत नाही. वास्तुरचनाकार आणि अध्यापक क्लॉड बॅटलींच्या काळापासून मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात मुलं जुन्या वास्तू मोजत आली, तरी हे संशोधन आहे हे आपल्या तक्त्यांना कळत नाही. तुम्ही मोजमापं थांबवली नाहीत. शिवाय त्यांवरून निबंध लिहिलात तेव्हा टेपचं दुसरं टोक धरणाऱ्याचं नावही लेखकांत घातलंत. हा सुद्धा नियम नव्हता.

कपाटातली मूळ फील्डशीटं आम्ही स्कॅन करायला घेतली आहेत. कृष्णधवल स्कॅनमध्ये लाल गोल इतर रेघांत हरवतात, म्हणून ३०० डीपीआयला रंगीतच करतोय. काही पानांवर वाड्याचं नाव आहे, तारीख नाही. एखाद्या दुपारी येऊन तेवढ्या तारखा सांगाल का?

तुमचे,
मोजमापाच्या तुकड्यांमधले माजी विद्यार्थी