साक्रीची वीज आणि नॉर्वेची तार

फ्रँकफर्ट,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार.

शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाला जर्मनांनी पैसे का दिले, असे तुम्ही फोनवर विचारलेत. ते दोन मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून पत्र लिहिते आहे.

आपल्या साक्री तालुक्यातल्या त्या १२५ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी महानिर्मितीला कर्ज देणारी केएफडब्ल्यू ही सरकारी बँक येथे फ्रँकफर्टलाच आहे. कोळशाचा धूर भुसावळला निघाला काय किंवा कोलोनजवळ, तापते ती एकच हवा, हा तिच्या कर्जामागचा हिशेब. मात्र ते दान नव्हे. परकीय चलनातले कर्ज रुपयांत वीज विकून फेडायचे असते आणि रुपया घसरला की हप्ता जड होतो.

याच बँकेचा वाटा नॉर्डलिंक नावाच्या वीजवाहिनीतही आहे. नॉर्वेतील टोनस्टाडपासून जर्मनीतील विल्स्टरपर्यंत गेलेली, बहुतांश समुद्रतळाशी टाकलेली ही ६२३ किलोमीटरची वाहिनी २०२१ पासून १४०० मेगावॅटपर्यंत वीज दोन्ही दिशांना नेते. येथे वारा जोराचा असला की पवनचक्क्यांची वीज तिकडे जाते आणि नॉर्वेजियन लोक तेवढे पाणी धरणांत राखतात. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडून केलेली वीज इकडे येते. सामाईक विहिरीवरच्या पाळीसारखेच हे, आणि भांडणेही तशीच. दक्षिण नॉर्वेत वीज महागली, त्याचे खापर लोक अशा परदेशी जोडण्यांवर फोडतात, आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे असे मला वाटत नाही. युरोपीय संघाचे ऊर्जाविषयक नियम स्वीकारण्यावरून दहा दिवसांपूर्वी तेथील सेंटर पार्टी सरकारातून बाहेर पडली.

तार कोठून न्यायची हे अभियंते ठरवतात. पण महागलेली वीज किंवा फुगलेला हप्ता कोणी सोसायचा, हे करार करतानाच मोकळेपणी बोलले गेले पाहिजे, असे माझे मत झाले आहे. तुम्ही कदाचित हसाल, कारण विहिरीच्या वाटणीत काकांशी तुम्ही नेमके तेवढेच बोलला नव्हता.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणार होती, ती आपल्या फीडरवर आली का? की अजून रात्री बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाता? तेवढे अवश्य कळवावे. आईस नमस्कार सांगावा.

तुमची,
धाकटी