जिवाणू खते जिवंत मिळावीत

महोदय,

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरली की पुढे तिला जमिनीतल्या ओलीवरच दिवस काढावे लागतात. ती पोटरीत येईतो रान भेगाळायला लागते. म्हणून मी काणी या कणसाच्या रोगासाठी गंधक लावून झाल्यावर बियाण्याला ॲझोस्पिरिलम हे जिवाणू खत चोळते. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. मग सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. भावकीत याला अजून नुसते नत्राचे खत समजतात. खरे तर या जिवाणूंमुळे मुळांना जास्त फाटे फुटतात. मुळांजवळचे काही जिवाणू चिकट थर धरतात, त्यात ओल टिकते. काही तर पाण्याचा ताण पडल्यावर मुळात वाढ रोखणारे इथिलीन ज्यापासून बनते तो पदार्थच खाऊन टाकतात, म्हणून मुळाची वाढ खुंटत नाही. पावसाची भरपाई यातून होत नाही, पण थोडीफार ओढ पीक सोसते.

अर्थात जिवाणू जिवंत असले तर! इथल्या एका दुकानात ही पाकिटे भर उन्हाळ्यापासून पत्र्याखाली, कीटकनाशकांच्या खोक्यांना टेकून पडलेली असतात. जिवाणू खते 1985 च्या खत नियंत्रण आदेशात येतात. भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी लागतात. दुकानातल्या त्या पाकिटांत किती उरल्या असतील? कृषी खात्याने पेरणीच्या तोंडावर नमुने दुकानाच्या फळीवरून घ्यावेत आणि निकाल पेरणीआधी गावोगावच्या चावडीवर लावावेत.

– एक ज्वारी उत्पादक शेतकरी महिला, मंगळवेढा, जि. सोलापूर