परराष्ट्रमंत्री साहेब, गंगेच्या कराराचं आधी बघा

माननीय एस. जयशंकर साहेब,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण आशियाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच चीनची चर्चा सुरू होते, श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर घेतलं, मालदीवला गेले, आता बांगलादेशात तिस्ता नदीच्या कामात पण येतायत वगैरे. काळजी खरी आहे, पण शेजाऱ्यांना रोज अडतं ते आपल्यापाशी, आणि चीनला जागा मिळते ती बऱ्याचदा आपण अर्धवट सोडलेल्या कामात.

तिस्ताचंच बघा ना. २०११ ला मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा पाणीवाटपाचा करार होणार हे जवळपास ठरलेलं, ममता बॅनर्जींनी ऐनवेळी विरोध केला आणि तो जो अडकला तो अडकलाच. मग त्याच नदीच्या प्रकल्पासाठी बांगलादेश चीनशी बोलायला लागला तर नवल कसलं?

आता गंगेचं तसं होऊ देऊ नका प्लीज. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावर गंगेचं पाणी बांगलादेशशी वाटून घेण्याचा करार १२ डिसेंबर १९९६ चा, मुदत ३० वर्षं, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतच. जानेवारी ते मे दर दहा दिवसांचा हिशोब आहे त्यात, प्रवाह ७०,००० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं, आणि ११ मार्च ते १० मे या सगळ्यात टंचाईच्या काळात एक दहा दिवस बांगलादेशला ३५,००० क्युसेक नक्की, पुढचे दहा आपल्याला. इतकं बारीक ठरवूनही प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर काय, तिथे फक्त 'तातडीने चर्चा करू' एवढंच आहे, आणि माझ्या मते नवीन करारात पहिलं काम इथेच करायला हवं.

दुसरं म्हणजे राज्यं. १९९६ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंना विश्वासात घेतलं होतं म्हणून जमलं. यावेळी कोलकात्यासोबत पाटण्यालाही बसवा, कारण फराक्क्यामुळे गाळ साचतो आणि पूर वाढतो ही बिहारची तक्रार जुनी आहे, तिला कोणी नीट उत्तरच देत नाही.

आणि ढाक्यात सरकार कोणाचंही असो, पाण्याला त्या भांडणात ओढू नका. २०१५ ला १६२ छिटमहालांची (एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भूभागांची) अदलाबदल करून ४० वर्षांहून जुनी सीमेची कटकट आपण मिटवली होती की, आणि संसदेत सगळे पक्ष एकत्र होते तेव्हा. बोलणी कुठवर आलीत, राज्यांचं म्हणणं काय, हे संसदेत स्पष्ट सांगा आणि फराक्क्याचे प्रवाहाचे आकडे सगळ्यांसाठी खुले करा.

आपला,
एक नागरिक