पोहण्याची वेळ भरती पाहून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या नोव्हेंबरअखेर आमच्या जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर झालेल्या ट्रायथलॉनमध्ये मी उतरले होते. वय ४४, प्राथमिक शाळेत शिक्षिका. समुद्रात १.५ किमी पोहणे, लगेच ४० किमी सायकल आणि शेवटी १० किमी धावणे. २००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आले ते याच अंतराने. आपल्या किनाऱ्यावर अशी स्पर्धा होते याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच हे पत्र.

वर्षभर मी पहाटे रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) सराव केला. समुद्रात पोहायला शिकवले शेजारच्या खारवी काकांनी. पाण्यात उतरू देण्याआधी त्यांनी मला तिथी मोजायला लावली. “बाय, तिथीची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता पाणी पुरं. सुकती लागली की खाडीच्या तोंडापाशी जायचं नाही.” (सुकती म्हणजे ओहोटी.) हा हिशेब घड्याळाइतका काटेकोर नाही, अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण आपल्याकडच्या मच्छीमारांना तो तोंडपाठ असतो.

स्पर्धेच्या दिवशी एकादशी होती. घरी सासूबाईंचा उपास, म्हणून पक्के लक्षात आहे. (मला मात्र त्यांनी पहाटे उठून मऊभात करून घातला.) अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला भरती पुरी. पोहण्याची वेळ सातची जाहीर झाली होती. ती ज्याने ठरवली त्याने विचार करूनच ठरवली असणार, कारण सातला सुटलो असतो तर बहुतेक सगळे पाणी वळण्याआधी बाहेर आलो असतो.

सातला आम्ही टोप्या घालून पाण्याच्या कडेला उभे होतो. पाहुणे यायचे होते. मग ते आले, मग सत्कार, मग भाषणे. पाण्यात सोडले तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

खाडीत चढलेले सगळे पाणी सुकतीला एका चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडते. आमचा शेवटचा टप्पा नेमका त्या तोंडावरून किनाऱ्याकडे येणारा होता. वळताना मी खूण म्हणून किनाऱ्यावरचा एक वाकडा माड धरला होता. चाळीस हात मारले, डोके वर काढले, माड होता तिथेच. पुन्हा चाळीस. माड उलट डावीकडे सरकलेला, म्हणजे मीच उजवीकडे, समुद्राच्या अंगाला ओढली जात होते. त्या क्षणी पोटात गोळा आला. काकांचे शब्द आठवले, ओढीशी भांडायचे सोडून आडवी पोहत तिच्या पट्ट्याबाहेर गेले आणि तिथून किनारा धरला. तलावात ३६ मिनिटांत होणाऱ्या अंतराला ५८ मिनिटे लागली.

माझ्या पुढेच एक कॉलेजची मुलगी होती. दम लागून तिने बाजूच्या कयाकला हात लावला, तर वरचा स्वयंसेवक ओरडला, “धरलंस तर बाद!” तिने हात सोडला. नियम तसा नाही. थांबलेल्या होडीला किंवा बोयाला धरून विसावा घेता येतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. पाच मिनिटांनी तिला होडीत ओढून घ्यावे लागले. माझ्या डोळ्यांदेखत आणखी तिघांना घेतले. होडीवरच्या मच्छीमार भावांनी हे ज्या चपळाईने केले त्यासाठी त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. त्यांतल्या एका तांडेलांनी (होडीच्या म्होरक्यांनी) सुरुवातीलाच सांगितले होते, “आता पाणी वळलंय, अंतर कमी करा.” त्यांचे कोणी ऐकले नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. सायकल बरी झाली. धावायला लागले तेव्हा अकरा वाजून गेले होते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सावलीला झाड नाही, जांभ्या दगडाची धग खालून, ऊन वरून. वाटेत गावच्या बायकांनी मीठ घातलेले कोकम सरबत हातात दिले, त्याच्या जोरावर शेवटपर्यंत पोचले. दोन धावपटू वाटेत बसले होते. सातची सुरुवात वेळेवर झाली असती तर हा टप्पाही निदान दीड तास आधी पार पडला असता.

आयोजकांची मेहनत मी पाहिली आहे, त्यांच्याबद्दल आकस नाही. मागणी एवढीच की पोहण्याची वेळ एकदा भरती पाहून ठरली की ती कोणासाठीही हलवू नये. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, हैदराबादच्या इन्कॉईस या सागरी माहिती केंद्राचा समुद्राचा अंदाज फोनवर पाहता येतो, आणि तिथी तर प्रत्येक घरच्या भिंतीवर असते. सत्कार बक्षीस समारंभात करावा, पाहुण्यांना तेव्हा आमचे घामेजलेले चेहरेही पाहायला मिळतील. पाण्यात सोडायचे की नाही यावर शेवटचा शब्द होडीवरच्या तांडेलाचा असावा. पाणी योग्य नसेल तर पोहणे रद्द करून धावणे, सायकल आणि पुन्हा धावणे असे ड्युएथलॉन घेता येते. त्याची तयारी आधीच ठेवावी. कयाकवरच्या मुलांना विसाव्याचा नियम समजावून सांगावा.

ती मुलगी परवा भाट्याला भेटली. पुन्हा उतरायचे म्हणते, पण घरचे नको म्हणतात. मी तिच्या आईला भेटून आले. त्यांनी एकच विचारले, “पुढच्या वेळी वेळेवर सोडतील ना?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या स्पर्धेची तारीख जाहीर होईल तेव्हा तिच्याशेजारी भरतीची वेळही छापावी, म्हणजे मला त्यांच्याकडे पुन्हा जाता येईल.

आपली,
एक स्पर्धक, रत्नागिरी